गिअरच्या गाडीला रिमोट स्टार्टर : वायरिंगआधी कारागिरांनी काय शिकावे?

मोटारीच्या वायरिंगचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांकडे अलीकडे एक नवी मागणी येऊ लागली आहे. गिऱ्हाईक म्हणते, "घरातून बटण दाबले की गाडी चालू झाली पाहिजे. मी खाली उतरेपर्यंत एसीने आतली हवा गार झाली पाहिजे." एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते. तेव्हा ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. अशी किट बाजारात मिळतात आणि चार पैसे मिळवून देणारे हे काम आहे.

वायरिंगच्या दृष्टीने हे काम फार अवघड नाही. ज्याला सेंट्रल लॉकिंग आणि सायरन नीट बसवता येतो, त्याला हेही जमते. धोका नेमका इथेच आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असताना कोणी रिमोटचे बटण दाबले, तर सेल्फच्या जोरावर गाडी जागेवरून उडी मारते आणि इंजिन पकडले तर चालूच लागते. पुढे भिंत असेल तर बंपर जाईल. मूल खेळत असेल तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून गिअरच्या गाडीत हे काम कसे करावे, कुठे थांबावे आणि कोणते काम परत पाठवावे, याचा धडा आम्ही या लेखात क्रमाने मांडत आहोत.

किट कोणत्या गाडीसाठी बनले?

रिमोट स्टार्टरचा प्रसार प्रथम अमेरिका आणि कॅनडा या थंड हवेच्या मुलखांत झाला. बर्फात उभी असलेली गाडी आत बसण्यापूर्वी गरम व्हावी, हा तिथला हेतू. तिथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत. ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्याला जोडलेला एक स्विच असतो. दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' या जागी नसेल तर सेल्फला करंट जातच नाही. गाडी चुकून गिअरमध्ये सुरू होऊ नये याची सोय कंपनीनेच केलेली असते आणि किट त्या सोयीवर विसंबून चालते.

आपल्याकडच्या गिअरच्या गाडीत अशी सोय बहुधा नसते. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, परंतु रिमोटने गाडी सुरू करताना क्लचवर पाय ठेवायला आत कोणी नसतो. जुन्या अनेक गाड्यांत तर क्लचचा स्विचही नसतो. किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, मग गिअर कोणताही असो.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ आला. त्यापूर्वी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडल मारणारा माणूस आधी गिअरचा दांडा हलवून न्यूट्रल पाही, कारण गाडी पुढे आली तर त्याच्याच अंगावर येणार होती. किल्लीने गाडी सुरू करणारा चालकही सवयीने दांडा हलवून पाहतो. रिमोटमुळे हा माणूस जागेवरून निघून जातो. त्याने हाताने केलेली तपासणी आता वायरिंगने करावयाची आहे.

न्यूट्रलची खात्री कशी होते?

गिअरच्या गाडीसाठी बनवलेल्या चांगल्या किटमध्ये 'रिझर्व्हेशन मोड' किंवा 'रेडी मोड' नावाची पद्धत असते. ती समजल्याशिवाय एकही वायर कापू नये.

चालक गाडी उभी करतो, इंजिन चालू ठेवतो, गिअर न्यूट्रलला टाकतो आणि हँडब्रेक ओढतो. मग रिमोटचे बटण दाबून किल्ली काढून घेतो. किल्ली निघाली तरी इंजिन बंद होत नाही, कारण आता इग्निशनचा करंट किटमधून येत असतो. चालक उतरतो, दरवाजा लावतो आणि रिमोटने लॉक करतो. त्यानंतर इंजिन बंद होते.

इंजिन चालू आहे, क्लचवर पाय नाही, आत माणूस नाही आणि गाडी जागेवर उभी आहे. याचा अर्थ गिअर न्यूट्रलमध्येच आहे. गिअर पडलेला असता तर क्लच सोडताच, चालक आत असतानाच, इंजिन झटका देऊन बंद पडले असते. ही खात्री किट आपल्या स्मरणात ठेवते. नंतर कोणताही दरवाजा उघडला, की कोणी आत जाऊन दांडा हलवला असेल असे धरून किट ती खात्री रद्द करते. मग रिमोट दाबला तरी गाडी सुरू होत नाही.

ज्या किटमध्ये ही पद्धत नाही, ते किट गिअरच्या गाडीला बसवू नये. फक्त ऑटोमॅटिकसाठी असलेले स्वस्त किट गिऱ्हाईक स्वतः घेऊन आले तरी नाही म्हणावे.

चालू करणाऱ्या वायरी

वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नये. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असतात. प्रत्येक वायर मल्टिमीटर लावून ओळखावी. जुना बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयू असलेल्या गाडीत वापरू नये. तो जास्त करंट ओढतो आणि नाजूक सर्किट जळू शकते.

इग्निशन स्विचच्या कपलरमध्ये साधारणपणे पुढील वायरी मिळतात.

१. कायम चालू वायर : किल्ली काढलेली असतानाही सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. अशा एक किंवा दोन जाड वायरी असतात.

२. अॅक्सेसरी : किल्ली पहिल्या टप्प्यावर आली की चालू होते आणि सेल्फ फिरताना बंद होते.

३. इग्निशन : किल्ली 'ऑन'ला आली की चालू होते आणि सेल्फ फिरत असतानाही चालूच राहते. त्या वेळी व्होल्टेज दहाच्या आसपास उतरेल, पण शून्य होता कामा नये.

४. दुसरी इग्निशन : बहुधा एसी व ब्लोअरसाठी असते. 'ऑन'ला चालू, सेल्फ फिरताना बंद. एसी सुरू व्हावा अशी गिऱ्हाइकाची इच्छा असेल तर ही वायर विसरू नये.

५. स्टार्ट : किल्ली शेवटच्या टप्प्यावर असेल तेवढ्या वेळेपुरतीच चालू.

यांखेरीज इंजिन पकडले की नाही हे किटला कळावे लागते. त्यासाठी इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइलच्या वायरीवरून इंजिनच्या फेऱ्यांचा संकेत घ्यावा. केवळ बॅटरीचे व्होल्टेज वाढले यावरून अंदाज घेणाऱ्या पद्धतीत चूक होण्याचा संभव असतो. इंजिन पकडल्यावरही सेल्फ फिरत राहिला तर त्याचे आणि फ्लायव्हीलचे दाते खराब होतात.

क्लचचा स्विच

क्लचच्या पेडलजवळ काही गाड्यांत दोन स्विच असतात. पेडल तळापर्यंत गेले की लागणारा स्विच सेल्फसाठी असतो. पेडल जरासे हलताच लागणारा दुसऱ्या कामासाठी. मीटर लावून पहिला कोणता ते नक्की करावे.

पुष्कळ ठिकाणी या स्विचच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकतात. असे केले की किल्लीने गाडी सुरू करतानाची कंपनीने दिलेली सुरक्षाही नाहीशी होते. उद्या घरातील लहान मुलाने खेळता खेळता किल्ली फिरवली तर गाडी गिअरमध्ये उडी मारेल. योग्य पद्धत अशी : वेगळा रिले घ्यावा, त्याच्या ८५ आणि ८६ या पिनांना किटच्या स्टार्ट संकेताने चालवावे आणि ३० व ८७ या पिना क्लच स्विचच्या दोन वायरींना समांतर जोडाव्यात. म्हणजे रिमोटने सेल्फ फिरत असेल तेवढे क्षणच क्लच दाबल्याचा भास होईल. इतर वेळी कंपनीचा स्विच आपले काम करीत राहील. काही नव्या गाड्यांत क्लचचा संकेत ईसीयूला जातो; तिथे त्या मॉडेलचा सर्किट नकाशा हाती असल्याशिवाय हात लावू नये.

अडवणाऱ्या वायरी

वरच्या वायरी गाडी चालू करतात. पुढच्या वायरी ती चालू होऊ देत नाहीत. घाईत आणि स्वस्तात केलेल्या कामात नेमक्या याच वायरी वगळल्या जातात, कारण त्यांच्याशिवायही गाडी सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते.

दरवाजे : पाचही, म्हणजे चार दरवाजे आणि मागची डिकीही. काही गाड्यांत चालकाच्या दरवाजाची वायर वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी असते. एकच जोडली तर मागच्या दरवाजाने आत गेलेल्या मुलाची किटला खबर लागणार नाही. छतावरच्या दिव्याच्या वायरीवरून संकेत घेऊ नये. दिवा हळूहळू विझणारा असेल तर किट गोंधळते.

हँडब्रेक : हँडब्रेकच्या स्विचची वायर दांडा ओढला की अर्थ होते. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवरचा हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. दिव्याच्या वायरीवर जोड दिला तर ऑइल कमी झाल्यावर किटला वाटेल की हँडब्रेक ओढलेला आहे. म्हणून संकेत थेट हँडब्रेकच्या स्विचपाशी घ्यावा आणि मध्ये डायोड टाकावा. शिवाय, स्विच फक्त दांडा वर आहे एवढेच सांगतो. केबल ढिली असेल तर चाके मोकळीच असतात. काम हाती घेण्यापूर्वी चढावर गाडी न्यूट्रलला उभी करून हँडब्रेक धरतो की नाही ते पाहावे. धरत नसेल तर आधी त्याची दुरुस्ती, मग रिमोट.

पायाचा ब्रेक : किल्ली न लावता कोणी ब्रेक दाबला तर इंजिन तत्काळ बंद झाले पाहिजे. चोराने काच फोडून आत शिरकाव केला तरी त्याला चालू गाडी मिळता कामा नये.

बॉनेट : बॉनेटखाली पिन स्विच बसवावा. हा स्विच आपल्या स्वतःच्या जिवासाठी आहे. कारागिराचा हात फॅनबेल्टजवळ असताना मालकाने खिशातले बटण दाबले तर बोटे जातील. गाडी सर्व्हिसिंगला देताना किट बंद ठेवण्याचा वेगळा स्विचही असावा आणि तो मालकाला दाखवून द्यावा.

जोडणी

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या असतात. त्यांना मीटरसुद्धा लावू नये.

किटच्या जाड वायरी गाडीच्या मूळ वायरीपेक्षा बारीक नसाव्यात. वायर पिळून वर टेप गुंडाळण्याची पद्धत इथे चालणार नाही. उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी किंवा चांगल्या अवजाराने थिंबल दाबावे. बॅटरीच्या प्रत्येक जोडाला फ्यूज हवा. अर्थ रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घ्यावा; किटचा सैल अर्थ हे पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असते. हार्नेस स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि पेडलपासून दूर बांधावा.

डिझेल आणि चिपची किल्ली

डिझेल गाडीत आधी ग्लो प्लग तापावे लागतात. डॅशबोर्डवरचा गुंडाळीचा दिवा विझेपर्यंत सेल्फ थांबला पाहिजे. किटमध्ये यासाठी वेगळी वायर किंवा ठरावीक विलंबाची सोय असते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हे काम मुळीच करू नये. थंड इंजिनाला चोक हाताने ओढावा लागतो आणि ते काम रिमोट करू शकत नाही.

ज्या किल्लीत चिप आहे त्या गाडीला बायपास मॉड्यूल लागते. काही जण दुसरी किल्लीच डॅशबोर्डमध्ये लपवून ठेवतात. हा मार्ग सोपा असला तरी चोराच्या सोयीचा आहे. शिवाय गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, तेव्हा मालकाकडे उत्तर नसते.

चाचणी

पहिल्या चाचण्या किटची स्टार्ट वायर सेल्फला न जोडता कराव्यात. तिच्या जागी एक लहान बल्ब लावावा. बल्ब लागला म्हणजे किटने सेल्फला हुकूम दिला असे समजावे. गाडी किल्लीने नेहमीप्रमाणे सुरू होते, म्हणून रेडी मोड लावता येतो. आणि वायरिंगमध्ये चूक असली तरी बल्बच लागतो, गाडी उडी मारत नाही. ओळीने पुढील गोष्टी पाहाव्यात.

रेडी मोड न लावता साधी किल्ली बंद केली : बल्ब लागू नये. रेडी मोड लावून एकेक दरवाजा आणि डिकी उघडून बंद केली : प्रत्येक वेळी बल्ब लागू नये. हँडब्रेक खाली ठेवला : रेडी मोडच लागू नये. बॉनेट उघडे ठेवले : बल्ब लागू नये. सर्व क्रम बरोबर पाळला : बल्ब लागावा.

सर्व उत्तरे बरोबर आली की मगच स्टार्ट वायर जोडावी. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गाडीच्या पुढे-मागे कोणालाही उभे राहू देऊ नये आणि रिमोटने गाडी सुरू करावी. चालू असताना ब्रेक दाबून, हँडब्रेक सोडून आणि बॉनेट उघडून इंजिन प्रत्येक वेळी बंद होते हे पाहावे. एकही चाचणी चुकली तर गाडी सोडू नये.

मालकाला काय सांगावे?

उत्तम वायरिंगलाही मर्यादा आहेत. काच उघडी असेल तर बाहेरून हात घालून दांडा हलवता येतो आणि किटला ते कळत नाही. म्हणून काचा बंद हव्यात. मुलांना गाडीत सोडून रेडी मोड कधीही लावू नये. रेडी मोडमध्ये गाडी न्यूट्रलला आणि केवळ हँडब्रेकवर उभी असते. कोंढवा, कात्रज, बिबवेवाडी अशा चढउताराच्या भागांत लोक गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतात आणि तीच सवय योग्य आहे. तिथे रिमोटचा मोह टाळावा. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा. नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी चुकून चालू लागणार नाही असा बंदोबस्त केलेला असावा. रस्त्यावर उभी केलेली, रिकाम्या आसनाची, इंजिन चालू असलेली गाडी या कलमाच्या कचाट्यात सापडू शकते. म्हणून वापर आपल्या आवारातच करावा, असे मालकाला स्पष्ट सांगावे. नव्या गाडीची कंपनीची वॉरंटी आणि विमा यांवर परिणाम होऊ शकतो. बसवण्यापूर्वी दोन्हीकडे लेखी विचारून घेण्याचा सल्ला द्यावा.

धंद्याचा हिशेब

हे काम दोन तासांत उरकण्याचे नाही. वायरी शोधणे, पाच दरवाजांचे संकेत, बॉनेटची पिन आणि चाचण्या धरून एका चांगल्या कारागिराचा पूर्ण दिवस जातो. मजुरी त्याच हिशेबाने सांगावी. शेजारचा दुकानदार निम्म्या पैशांत करून देतो असे गिऱ्हाईक म्हणेल; तेव्हा त्याला अडवणाऱ्या वायरींची यादी वाचून दाखवावी आणि त्यांपैकी किती निम्म्या पैशांत मिळणार आहेत ते विचारायला सांगावे.

बिलावर किटचे नाव, जोडलेल्या वायरी, केलेल्या चाचण्या आणि दिलेल्या सूचना लिहून मालकाची सही घ्यावी. एक प्रत आपल्याकडे ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल सेवा देणाऱ्याला जबाबदार धरता येते. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. दुकानात एक वही ठेवून प्रत्येक मॉडेलच्या वायरींचे मीटरने तपासलेले रंग त्यात टिपावेत. ही वही काही वर्षांत दुकानाचे मोठे भांडवल होते आणि शागीर्दाला शिकवण्याचे साधनही.

शेवटी एक गोष्ट. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येते आणि म्हणते, "उस्ताद, रोज तो क्रम पाळायचा कंटाळा येतो. दरवाजाची वायर काढून टाका, बटण दाबले की गाडी सुरू झाली पाहिजे." वायर काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि गिऱ्हाईक वर बक्षीसही देईल. आमचा सल्ला असा, की या वेळी संपूर्ण किट काढून देण्याची तयारी दाखवावी. पैसे कमी घ्यावेत, पण ती एक वायर काढू नये. फार तर उन्हासाठी काचांवर लावायचे पडदे आणि रिमोटचे साधे सेंट्रल लॉकिंग सुचवावे. ज्याने गाडी विश्वासाने आपल्या हाती दिली त्याच्याइतकाच, त्या गाडीसमोरून चालत जाणाऱ्या अनोळखी माणसाचाही आपल्या कामावर हक्क आहे.